मिठाच्या गावचा किल्ला

मुंबईतल्या शीवच्या, म्हणजे सायनच्या, किल्ल्याच्या टेकडीला लागून असलेल्या गल्लीत माझे लहानपण गेले आणि लग्नानंतरचा संसारही तिथून हाकेच्या अंतरावर मांडला गेला. त्यामुळे किल्ला म्हणजे खांद्यावर सॅक टाकून पहाटेच्या कसाऱ्याने गाठायची जागा, ही समजूत पुढे कॉलेजात आल्यावर झाली. त्याआधी किल्ला म्हणजे गॅलरीतून दिसणारी, पावसाळ्यात हिरवी आणि वैशाखात राखाडी होणारी एक घरचीच वस्तू होती. रविवारी सकाळी सायकल काढून माटुंगा, फाइव्ह गार्डन, शिवाजी पार्क असा फेरा मारून परतताना तो समोर दिसला, की घर आले असे वाटे, आणि आजही वाटते. गेल्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरात दोन दिवस सायकलवरून फिरले, तेव्हा तिथला डोंगरावरचा प्रचंड किल्ला मी पाहिला तो याच नजरेने. गावाच्या उशाशी असलेल्या किल्ल्याचे गावाशी नाते कसे असते, हे मला पाहायचे होते.

माझी भाची म्युनिकला शिकते. तिथून साल्झबुर्गला रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते. स्टेशनाजवळच्या दुकानातून आम्ही दोन सायकली भाड्याने घेतल्या. दुकानदाराने खोगिराची उंची जुळवून दिली, कुलूप कसे लावायचे ते दाखवले, आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली. त्या सायकलीला मागच्या चाकाचा ब्रेक पायात होता. पेडल उलटे फिरवले की चाक जागच्या जागी थांबते. मुंबईत सिग्नलपाशी थांबताना पाय मोकळा करण्यासाठी पेडल उलटे फिरवायची माझी चाळीस वर्षांची सवय! पहिल्याच वळणावर सायकल खाडकन थांबली आणि मी हँडलवर पोटाशी दुमडले. भाची मागून ओरडली, "मावशी, पाय उलटा नको घेऊस, आणि उजवीकडून चल, उजवीकडून!" वाहतूक उजवीकडून असल्यामुळे डोके, डोळे आणि पाय या तिघांना नवे वळण लावावे लागले. पहिला अर्धा तास मी तोंडाने "उजवीकडे, उजवीकडे" पुटपुटत चालवत होते.

नदीवर पोहोचले आणि सगळा ताण गेला. साल्झाख ही नदी शहराच्या मधून वाहते, आणि तिच्या दोन्ही काठांनी सायकलींचा मार्ग आहे. पाण्याचा रंग असा, की दुधात मूगडाळीचे पाणी मिसळावे. वरच्या बर्फाच्या नद्या खडक घासत येतात आणि त्या खडकाचे पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, म्हणून तो रंग येतो. या मार्गाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पूल आला की तो रस्ता ओलांडायला लावत नाही. मार्ग हळूच उतरतो, पुलाच्या पोटाखालून पाण्याच्या अगदी जवळून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. वर मोटारी, बस आणि तारांवर चालणाऱ्या विजेच्या बस जात असतात, खाली आपण नदीच्या गार वाऱ्यात असतो. कामावर निघालेल्या बायका, पुढच्या पेटीत मूल बसवलेले बाप, भाजीची पिशवी अडकवलेल्या आजी, असे सगळे त्या मार्गावर होते. मुंबईत सायकलने शहर चालवणारी माणसे कमी नाहीत. पाववाला, दूधवाला, पेपरवाला, जेवणाचे डबे हँडलला आणि कॅरियरला लटकवून स्टेशन गाठणारे डबेवाले, यांच्या जिवावर आपली सकाळ उभी असते. पण त्यांच्यासाठी कोणी पुलाखालून वाट काढलेली नाही. सागरी सेतूवर तर सायकलीला मज्जावच आहे. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. त्या पुलाखालून जाताना आमचा रोजचा पाववाला मला खरोखर आठवला, एवढेच.

नदीवरून किल्ला सतत दिसत राहतो. होहेन्साल्झबुर्ग, म्हणजे उंचावरचे साल्झबुर्ग. साल्झ म्हणजे मीठ आणि बुर्ग म्हणजे गड. शहराचे नावच मिठाचा गड, आणि नदीच्या नावातही मीठ आहे. शहराच्या दक्षिणेला हालाइन गावाजवळच्या डोंगरात मिठाच्या खाणी होत्या. तिथले मीठ नावांमधून याच नदीने खाली जात असे आणि त्याच्या उत्पन्नावर इथले आर्चबिशप राज्य करीत. ते धर्मगुरू होते आणि राजेही होते. देवळे, वाडे, कारंजी, किल्ला हे सगळे त्या पैशातून उभे राहिले. वडाळा, भांडुप, मुलुंड इकडची मिठागरे पाहत वाढलेल्या मला ही गोष्ट ऐकून फार जवळची वाटली. आपल्याकडे मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यांच्या वाट्याला त्यातून वाडे आले नाहीत हा भाग निराळा, पण एक शहर आपल्या नावातच खाल्ल्या मिठाला जागते, हे मला विलक्षण वाटले.

किल्ला चढण्याआधी आम्ही जुन्या शहरातल्या गश्टेटनगास नावाच्या गल्लीत गेलो, आणि तिथे मी अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ थांबले. ही गल्ली म्योन्शबेर्ग नावाच्या डोंगराच्या उभ्या कड्याला चिकटून आहे. इतकी चिकटून, की काही घरांची मागची भिंत म्हणजे तो कडाच. खडक जवळून पाहिला तर आपल्या काळ्या बेसॉल्टसारखा एकसंध नाही. नदीतले गोल गोटे एकमेकांना चिकटून दगड झालेले आहेत. शेंगदाण्याची चिक्की उभी कापावी तसा तो दिसतो, आणि एखादा गोटा निखळून गेल्याची गुळगुळीत खळगीही त्यात दिसते. १६६९ सालच्या जुलै महिन्यात रात्री या कड्याचा मोठा भाग या गल्लीवर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दुर्घटनेतून या शहराने जो धडा घेतला तो आजतागायत पाळला जातो. शहराने डोंगर साफ करणारी माणसे नेमलेली आहेत. ती दरवर्षी दोरावर लोंबकळत कडा उतरतात, हातोड्याने खडक ठोकून त्याचा आवाज ऐकतात, पोकळ वाजणारा किंवा सैल झालेला दगड पहारीने सोडवून पाडतात, फटीत रुजलेली झुडपे काढतात. त्यांना तिथे डोंगर घासणारे असेच म्हणतात, जसे आपण भांडी घासणारी म्हणू.

मी त्या गल्लीत सायकल धरून उभी राहिले आणि १६६९ हा आकडा मनात फिरत राहिला. शीवचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जिअरच्या अमलात बांधला गेला, तो १६६९ ते १६७७ या वर्षांत. परळ बेटाची हद्द तिथे संपत होती, पलीकडच्या साष्टीत पोर्तुगीज होते, म्हणून ती शीव. म्हणजे ज्या वर्षी इथे कडा कोसळला, त्याच वर्षी माझ्या घरामागच्या टेकडीवर पहिले दगड रचले जाऊ लागले होते. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे मला कळते. तरीही तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिथून जवळच म्योन्शबेर्गच्या आरपार खोदलेला बोगदा आहे. १७६४ ते १७६७ या काळात तो खोदला गेला. त्याच्या दारावर त्या काळच्या आर्चबिशपचे शिल्प आहे आणि खाली लॅटिनमध्ये कोरले आहे, की तुझ्याविषयी पाषाण बोलतात. आम्ही एकदा तिकडून इकडे सायकलने गेलो, पण मोटारींच्या आवाजाने कान बधिर झाले, म्हणून परत वळलो.

किल्ल्याखालच्या कापिटेलप्लात्झ या चौकात मोठा सोनेरी गोल आहे आणि त्यावर पांढरा सदरा घातलेल्या एका साध्या माणसाचा पुतळा उभा आहे. तिथे जमिनीवर आखलेल्या पटावर लोक गुडघ्याएवढ्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळत होते. तिथल्या कठड्याला आम्ही सायकली कुलूपबंद केल्या. वर जायला १८९२ पासून तारेवर ओढली जाणारी गाडी आहे. सुरुवातीला ती पाण्याच्या वजनावर चालत असे. भाचीला गाडीने जायचे होते. मी म्हटले, "अगं, गड आहे हा. चढून जायचं." चढण फरसबंद आहे, रुंद आहे, पण चांगलीच उभी आहे. शहरापासून सुमारे शंभर मीटर वर चढायचे असते, आणि निम्म्या वाटेत मलाच दोनदा थांबावे लागले.

सह्याद्रीत गड हिंडलेल्या माणसाचे डोळे काही ठरावीक गोष्टी शोधतात. दरवाजा वळणात लपवला आहे का, दरवाजाला लागून पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत का, जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांमधून, मारा कुठे पडत असेल, पाणी कुठे साठवले आहे, धान्य कुठे ठेवले आहे. या सगळ्यांची उत्तरे होहेन्साल्झबुर्गवर सापडतात, फक्त माणसांची दगडाशी वागायची तऱ्हा वेगळी आहे. आपले गड डोंगराचा कडा हाच तट मानून उरलेल्या फटी बांधतात, तर इथे टेकडी पूर्ण झाकून टाकलेली आहे. एकात एक दरवाजे आहेत, आतल्या अंगणात पावसाचे पाणी साठवणारे मोठे हौद आहेत, कोठारे आहेत. गेबहार्ड नावाच्या आर्चबिशपने १०७७ साली इथे बांधकाम सुरू केले. तेव्हा पोप आणि सम्राट यांच्यात बिशप नेमण्याच्या अधिकारावरून भांडण पेटले होते, आणि गेबहार्डने पोपची बाजू घेतली होती. म्हणजे हा किल्ला जन्मला तोच भीतीतून. आज दिसते ते रूप मात्र लेओनहार्ड फॉन कॉयचाख याने १४९५ नंतरच्या पाव शतकात दिले.

लेओनहार्डच्या काळातली एक गोष्ट मी तटावरून वाकून बराच वेळ पाहिली. पायथ्याच्या नॉनबेर्ग मठाच्या बाजूने एक अरुंद रुळवाट सरळ वर येते, आणि येताना किल्ल्याच्या एकामागून एक पाच तटांमधल्या पाच दारांतून जाते. माणसे चढवणारी गाडी ती नव्हे, ही सामानाची आहे. तिच्याविषयीचा लेखी उल्लेख १५१५ सालचा आहे. त्या काळी रूळ लाकडाचे होते, दोर वाखाचा, आणि रहाट फिरवून माणसे किंवा जनावरे तो ओढीत. आज रूळ पोलादाचे आहेत आणि ओढायला विजेची मोटर आहे, पण वाट तीच, आणि किल्ल्यावरचे सामान आजही तिच्यावरून चढते. राजगडाच्या पायवाटेने डोक्यावर धान्याची पाटी घेऊन चढणाऱ्या माणसांचा विचार ज्याने कधी केला असेल, त्याला ही रुळवाट पाहून काय वाटेल हे मी सांगायला नको. पाचशे वर्षे एकच काम करीत असलेली वाट! माझ्या मते या किल्ल्यावरची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक लोक तिच्याकडे न पाहता शहराचे फोटो काढत होते.

आत तिसऱ्या मजल्यावर लेओनहार्डच्या राहत्या खोल्या आहेत. निळ्या छतावर सोन्याचे गोल उठाव आहेत, ते रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांसारखे दिसतात. एका खोलीच्या कोपऱ्यात १५०१ सालची शेगडी आहे, छताकडे चढत जाणारी, रंगीत चिनीमातीच्या फरशांनी मढवलेली, आणि प्रत्येक फरशीवर फळे, फुले, संत कोरलेले. या सगळ्यात सलगम दिसत राहते. आपल्या भाजीबाजारातले सलगम, पानांच्या तुऱ्यासह. ते लेओनहार्डच्या घराण्याचे चिन्ह होते. त्याने बांधलेल्या प्रत्येक भिंतीवर ते बसवले, आणि किल्ल्यावर अशी पन्नासहून अधिक सलगमे आहेत असे सांगतात. एक दंतकथा अशी, की तरुणपणी तो उधळ्या होता, तेव्हा त्याच्या काकाने चिडून सलगम त्याच्या डोक्यात फेकून मारले आणि त्याचे डोके ताळ्यावर आले. भाचीने दरवाज्यावरची सलगमे मोजायला सुरुवात केली आणि अकरावर सोडून दिली.

त्याच सुमारास, सकाळी अकराला, खालच्या शहरातून घंटांची धून आली आणि ती संपताच डोक्यावरच्या मनोऱ्यातून असा हंबरडा फुटला, की माझ्या छातीत तो थरथरला. किल्ल्यात १५०२ सालचे एक यंत्रवाद्य आहे, दोनशेहून अधिक नळ्यांचे, आणि त्याच्या आरंभीच्या व शेवटच्या सुरांमुळे लोक त्याला साल्झबुर्गचा बैल म्हणतात. गावाला वेळ कळावी म्हणून ते बसवले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आवाज येताच मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि काटा जुळवला. मी ते पाहत राहिले.

या किल्ल्याने लढाई फारशी केली नाही. १५२५ साली शेतकरी आणि खाणकामगारांनी बंड करून त्याला वेढा घातला, तेव्हा आर्चबिशप मॅथेउस लांग आत बसून राहिला आणि वेढा उठला. १८०० साली फ्रेंच सैन्य आले तेव्हा एकही गोळी न झाडता तो त्यांच्या हाती गेला. बळाने तो कधी कोणी घेतला नाही, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आपल्याकडचा माणूस लगेच म्हणेल, की मग गडाची कीर्ती कशात? मलाही आधी तसेच वाटले. पण शीवचा किल्लाही लढाईच्या कीर्तीसाठी कोणाला ठाऊक नाही, आणि म्हणून तो मला कमी आपला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. तिथे एक खास शब्द आहे, दोऱ्यांचा पाऊस, म्हणजे आभाळातून सरळ दोऱ्या सोडल्यासारखा न थांबता पडणारा. मुंबईकराला संततधार काय सांगायची! रेनकोट चढवून आम्ही दक्षिणेला हेलब्रुनच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना जुनी, जाड बुंध्यांची झाडे असलेला हा सरळ रस्ता १६१५ च्या सुमारास आखला गेला. मोटारींना तिथे वाट नाही, फक्त चालणारे, सायकलवाले आणि भिजणारी कुत्री. हेलब्रुन हा आर्चबिशप मार्कुस झिटिकुस याचा उन्हाळी महाल. पाहुण्यांना अचानक भिजवणारी कारंजी त्याने तिथे करून घेतली. परतताना त्याच रस्त्यावर मी सायकल थांबवून मागच्या गोष्टीचा विचार केला. मार्कुसच्या आधी गादीवर असलेला वोल्फ डीट्रिश हा त्याच्या नात्यातलाच. मिठाच्या व्यापारावरून बव्हेरियाशी भांडण करून तो हरला, पकडला गेला आणि १६१२ पासून त्याच किल्ल्यावर कैदेत राहिला. १६१७ मध्ये तिथेच मेला. म्हणजे इकडे कारंजी बांधली जात होती, तेव्हा तिकडे समोर, ढग हटले की दिसणाऱ्या त्या तटांआड, हे शहर ज्याने नव्याने आखले तो माणूस बंद होता. भाची म्हणाली, "मावशी, आपल्या इतिहासातही असलं काही कमी नाही." नाहीच. पण आपण त्यावर वर्षानुवर्षे बोलतो, आणि त्या रस्त्यावर ते सांगणारी एकही पाटी मला दिसली नाही.

मुंबईत परतल्यावर ऑक्टोबरच्या एका रविवारी फाइव्ह गार्डनवरून येताना घरी न जाता मी सायकल टेकडीच्या पायथ्याच्या उद्यानाच्या फाटकापाशी लावली आणि पायऱ्या चढून शीवच्या किल्ल्यावर गेले. खाली लोक पळत होते, एक आजोबा प्राणायाम करीत होते, वर दोन मुलगे पत्ते खेळत बसले होते. स्टेशनातून गाडीचा भोंगा ऐकू आला. पूर्वेला खाडीकडची बाजू इमारतींच्या फटींतून दिसत होती. मी आजवर शेकडो वेळा तिथे गेले असेन, पण भिंतीचे दगड एकेक करून पाहिले ते त्या दिवशी प्रथम. दक्षिणेकडच्या एका भिंतीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजले होते. दोन पानांचे, तांबूस, पाठकोऱ्या कागदाएवढे पातळ. ते उपटायचा मला अधिकार नाही. वारसा म्हणून राखलेली ती वास्तू आहे, आणि उपटताना सांध्यातला चुना सुटला तर अपाय जास्त. म्हणून मी बाजूला मोजपट्टी धरून त्याचे छायाचित्र घेतले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर उभी राहून मी छायाचित्र घेते. हिवाळ्यात रोप जिथल्या तिथे होते, मे महिन्यात एक पान गळले, आणि जूनचे पहिले पाऊस झाल्यावर ते वीतभर वाढले. त्याच्या खालच्या सांध्यात आता नखाची कड शिरते, ऑक्टोबरात ती शिरत नव्हती. दगडावर बोटाच्या पेराने ठोकून मी आवाजही ऐकते, पण पोकळ आणि भरीव यांतला फरक मला अजून कळत नाही, त्यासाठी जाणकार हवा. संबंधित कार्यालयासाठी अर्ज लिहून तयार आहे. सोबत दहा छायाचित्रे जोडली आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि रोपाची उंची लिहिली आहे.